भ्रूण-दत्तक

आयव्हीएफ उपचारात, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याच्या उपचारात, अनेकदा गरजेपेक्षा जास्त भ्रूण तयार होतात. त्यांतले उरलेले भ्रूण एका दांपत्याने दुसऱ्या दांपत्याला गर्भधारणेसाठी देणे, याला भ्रूण-दत्तक म्हणतात. तोवर हे भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवलेले असतात.

या प्रथेला संघटित रूप अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियातील नाइटलाइट ख्रिश्चन अ‍ॅडॉप्शन्स या संस्थेने १९९७ मध्ये ‘स्नोफ्लेक्स’ उपक्रम सुरू केला. मूल दत्तक देताना होते तशीच घेणाऱ्या कुटुंबाची गृहचौकशी येथे होते आणि भ्रूण देणारे दांपत्य इच्छुकांची माहिती वाचून कुटुंब निवडते. मात्र सगळेच भ्रूण गोठणातून बाहेर काढताना टिकत नाहीत आणि टिकलेल्यांतलेही सगळे गर्भाशयात रुजत नाहीत.

फलनाच्या क्षणापासून भ्रूण ही व्यक्तीच आहे, अशी या उपक्रमामागची धारणा आहे. तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की साधारण चौदाव्या दिवसापर्यंत एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. मग तोवर ती एकच ठरावीक व्यक्ती कशी मानायची? ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये भ्रूणसंशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, ती १९९० मध्ये कायद्यात आली. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये डेव्हिस खटल्यात, म्हणजे घटस्फोटित दांपत्यातील गोठवलेल्या भ्रूणांवरच्या वादात, भ्रूण व्यक्तीही नाही आणि मालमत्ताही नाही, तो विशेष आदरास पात्र आहे, असा मधला मार्ग काढला. उलट अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अपमृत्यूच्या भरपाईपुरते गोठवलेल्या भ्रूणांना मूल मानले.

तरीही नैतिक दर्जा ठरला म्हणजे कर्तव्यही ठरले, असे होत नाही. याचा ठळक दाखला कॅथलिक विचारात सापडतो. भ्रूणाला व्यक्तीप्रमाणेच वागवावे, असे चर्च ठामपणे सांगते. पण २००८ च्या ‘डिग्निटास पर्सोने’ या निवेदनात व्हॅटिकनने भ्रूण-दत्तकामागचा हेतू स्तुत्य मानूनही त्यात अडचणी असल्याचे म्हटले, आणि टाकून दिलेल्या हजारो भ्रूणांवरील अन्याय प्रत्यक्षात दूर करता येत नाही, अशी कबुली दिली. आपल्या विवाहबंधनाबाहेरून आलेला, म्हणजे दुसऱ्या दांपत्याचा, भ्रूण स्त्रीने आपल्या गर्भाशयात वाढवावा का, यावर कॅथलिक विचारवंतांत तीव्र मतभेद आहेत. बुडत्या मुलाला वाचवण्यासारखेच हे कृत्य आहे, हा समर्थकांचा युक्तिवाद अधिक सबळ वाटतो, कारण त्यात भ्रूण प्रयोगशाळेत तयार करून गोठवण्याच्या, चर्चच्या मते आधी घडलेल्या चुकीचा भार भ्रूणावर पडत नाही.

भारतात २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा संबंधितांच्या संमतीने संशोधनासाठी द्यावे लागतात.