थँक्सगिव्हिंगच्या ताटात टर्की आली कुठून?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंग या आभार मानण्याच्या सणाला, अमेरिकेत घरोघरी सकाळपासून ओव्हन तापलेला असतो. आत पाच-सात किलोची टर्की (कोंबडीहून बराच मोठा पक्षी), शेगडीवर बटाटे उकडताहेत, एका भांड्यात क्रॅनबेरी रटरटते आहे, आणि लाल भोपळ्याचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आदल्या रात्रीच करून ठेवलेला. हे सगळं ताट १६२१ साली प्लिमथ या इंग्रज वसाहतीत झालेल्या जेवणापासून जसंच्या तसं चालत आलं, असं तिथली मुलं शाळेत शिकत आली आहेत. त्या जेवणाबद्दल प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर मात्र एका पोस्टकार्डावर मावेल एवढाच आहे.

एडवर्ड विन्स्लो या वसाहतकऱ्याने डिसेंबर १६२१ मध्ये इंग्लंडला पत्र धाडलं. पीक हाती आल्यावर चार माणसं पक्ष्यांच्या शिकारीला गेली, तिथल्या मूळच्या वाम्पानोग लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली आणि तीन दिवस खाणंपिणं चाललं. संपलं. पक्षी कुठले, ते विन्स्लो सांगत नाही. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने त्या हंगामात रानटर्की मुबलक मिळाल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा एखादी भाजली गेलीही असेल. पण पंगतीचा मान हरणाचाच होता. बटाटा त्या किनाऱ्यावर अजून पोचलाच नव्हता. गव्हाच्या पिठाचाही दुष्काळ, म्हणजे ‘पाय’ही बाद. ‘पहिलं थँक्सगिव्हिंग’ हे बिरुद तर त्या जेवणाला अलेक्झांडर यंग यांनी १८४१ साली, एका तळटिपेत, चिकटवलं.

टर्कीचा स्वतःचा प्रवास याहून गमतीचा आहे. ती माणसाळवली मेक्सिकोतल्या लोकांनी. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी ती युरोपात नेली, आणि पुढे इंग्रज वसाहतकरी तीच पाळीव जात जहाजात घालून पुन्हा अमेरिकेत घेऊन आले. दरम्यान हा पक्षी नेमका कुठला, याचा सगळ्यांनीच घोळ घातला. इंग्रजांना तो तुर्कस्तानचा वाटला. तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच नावातही हिंदुस्थानच दडलाय, डच लोकांनी तर थेट आपल्या कालिकतवरून नाव पाडलं. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. आपल्याकडे पेरू म्हणजे फळ.

आपल्याकडेही तो आला, तोही प्लिमथच्या जेवणाच्या नऊ वर्षं आधी. १६१२ मध्ये मुघल सरदार मुकर्रबखानाने गोव्यात पोर्तुगिजांकडून खरेदी केलेल्या अप्रूपाच्या चिजांत एक टर्की होती. जहांगीर बादशहाने तिचं डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलतात असं आपल्या आठवणींत लिहिलं आणि चित्र काढायला लावलं. दरबारी चित्रकार मन्सूरच्या कुंचल्यातलं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

मग सणाच्या ताटात टर्कीच का? गाय दूध देते, कोंबडी अंडी. त्यांना कापणं अंगाशी येतं. टर्की मांसाखेरीज फारशा कामाची नाही, वसंतात फुटलेलं पिल्लू नोव्हेंबरपर्यंत भरतं आणि एकाच पक्ष्यात अख्खी पंगत उठते. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या शेतकऱ्याचा हा साधा हिशेब. त्याचा राष्ट्रीय सण केला तो सारा जोसेफा हेल या बाईंनी. १८२७ च्या आपल्या कादंबरीत त्यांनी टेबलाच्या अग्रस्थानी भाजलेली टर्की मांडली, पुढे स्त्रियांच्या एका बड्या मासिकाच्या संपादक म्हणून वर्षानुवर्षं पाककृती आणि अग्रलेख छापले, गव्हर्नरांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रांनी भंडावलं. अखेर यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ मध्ये रूझवेल्टने नाताळच्या खरेदीला दिवस वाढावेत म्हणून सण आठवडाभर अलीकडे ओढला, तेव्हा निम्म्या राज्यांनी ऐकलंच नाही. १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार ठरला.

तोंडीलावण्यांचा इतिहास मात्र बराचसा डब्यांचा आणि पुड्यांचा आहे. क्रॅनबेरी खरी तिथलीच, दलदलीत वाढणारी, करवंदासारखी आंबट. १७९६ च्या अमीलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात टर्कीसोबत तिचा सॉस सांगितलाय. पण डबा उलटा केल्यावर डब्याच्याच आकारात थुलथुलत उभी राहणारी जेली १९१२ नंतरची. रताळ्यावर मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) वितळवायची कल्पना १९१७ ची, मार्शमॅलो बनवणाऱ्यांनीच छापून घेतलेल्या पुस्तिकेतली. फरसबीचं कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेली भाजी) १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवलं, मश्रूम सूपचा डबा खपावा म्हणून. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या एकादशीच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंदही मूळचा अमेरिका खंडातलाच, आणि तरी तो उपासाला चालतो.

पक्षीही घराच्या मापाने बदलला. छोटं कुटुंब, छोटा ओव्हन, म्हणून सरकारच्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधन केंद्राने १९३० च्या दशकात लहान चणीची पांढरी टर्की तयार करायला घेतली. पुढे बाजाराने नेमकी उलटी वाट धरली: रुंद छातीची पांढरी जात, इतकी जड की नर-मादीचा नैसर्गिक संग जमत नाही, पैदास कृत्रिम रेतनानेच. घरच्या स्वयंपाक्याचं दुखणं तिथेच आहे. मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते, आणि पोटात सारण भरलं असेल तर तेही ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापावं लागतं. गोठवलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला दर दोन किलोंना जवळपास एक दिवस, हे ठाऊक नसलेल्यांची बुधवारी रात्री त्रेधा उडते. १९८१ पासून बटरबॉल कंपनीने अशांसाठी फोनवर सल्ला सुरू केला, तो आजही चालतो.

ज्यांनी पाच हरणं आणली होती, त्यांच्या वंशजांची गोष्ट वेगळी. १९७० मध्ये वसाहतकऱ्यांच्या आगमनाला ३५० वर्षं झाली, तेव्हा समारंभात बोलायला वाम्पानोग पुढारी वामसुटा फ्रँक जेम्स यांना बोलावलं गेलं. त्यांचं भाषण आयोजकांनी आधी वाचून पाहिलं आणि नाकारलं. त्या वर्षीपासून दर थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासोइटच्या पुतळ्यापाशी, माणसं शोकदिन पाळायला जमतात. त्यातल्या अनेकांचा तोवर उपास असतो.