एसएचजी की एसएफजी? इलेक्ट्रोडवरचा रेणू कोण ओळखतो

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात लेझरची प्रयोगशाळा नाही. एम.एस्सी.ची पोरं इलेक्ट्रोडवर बसलेले रेणू लेझरने ओळखायच्या एसएचजी आणि एसएफजी या दोन रीती मोबाइलवर शोधनिबंध (पेपर) उघडून वाचतात आणि एका ठिकाणी हमखास अडतात. "सर, दोन्हीत दोन फोटॉन आत जाते अन् एक भायेर येते, मंग फरक काय हाय?" प्रश्न रास्त आहे, कारण साम्य खरंच मोठं आहे.

प्लॅटिनमची पट्टी, म्हणजे इलेक्ट्रोड, द्रावणात बुडवली की तिला चिकटलेला थर जेमतेम एका रेणूच्या जाडीचा असतो, आणि त्यावर पाण्याचे असंख्य रेणू. साधा प्रकाश टाकला तर पाण्याच्या गलक्यात त्या थराचा आवाज ऐकूच येत नाही. सेकंड हार्मोनिक जनरेशन (एसएचजी) आणि सम फ्रिक्वेन्सी जनरेशन (एसएफजी) या दोन्ही दुसऱ्या कोटीच्या अरेषीय क्रिया आहेत, म्हणजे दोन फोटॉन जुळून एक होतो. जिथे केंद्रसममिती आहे, म्हणजे मध्यबिंदूतून उलटवलं तरी रचना तशीच राहते, तिथे त्या जवळजवळ होतच नाहीत. पाण्यात रेणूंची तोंडं सगळीकडे, प्लॅटिनमचा स्फटिक आतून सममित. म्हणून दोघंही गप्प. सममिती मोडते ती सीमेवर, आणि संकेत येतो तोही तिथूनच. इथवर दोघी सारख्या.

एसएचजीत एकाच रंगाचे दोन फोटॉन जुळतात. १०६४ नॅनोमीटरचं अवरक्त टाका, ५३२ नॅनोमीटरचं हिरवं परत येईल. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवून ३४७.२ नॅनोमीटरचा अतिनील किरण मिळवला, तिथून ही गोष्ट सुरू झाली. चांदीच्या इलेक्ट्रोडवर व्होल्टेज बदललं की हा संकेतही बदलतो, हे १९६७ मध्ये ब्लोमबर्गन यांच्या गटाने दाखवलं. पण धातूवर या संकेताचा मोठा भाग पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचा असतो. रेणू चिकटला की ते इलेक्ट्रॉन हलतात आणि संकेत कमी-जास्त होतो. म्हणजे काहीतरी बसलं, केव्हा बसलं, किती भराभर बसलं, हे कळतं. काय बसलं, हे सहसा कळत नाही. जिनिंगच्या काट्यावर कापसाची गाडी चढवल्यासारखं हे आहे: वजन लगेच दिसतं, त्यात गाडीचंही वजन असतं, पण धागा किती लांब आहे हे काटा सांगत नाही. रंगद्रव्यासारखा रेणू असेल आणि लेझर त्याच्या इलेक्ट्रॉनी संक्रमणाशी (इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाण्याशी) जुळवला, तर थोडी ओळख पटते, पण त्या संक्रमणाचे पट्टे रुंद असतात.

एसएफजीत दोन वेगळे किरण लागतात, एक दृश्य आणि एक अवरक्त. अवरक्ताची तरंगसंख्या (एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा मावतात तो आकडा) बदलत नेली आणि ती रेणूच्या कंपनाशी जुळली, की बेरजेचा संकेत उसळतो. प्लॅटिनमवर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडचं (सीओ) उदाहरण घ्या. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंधन-सेलचं प्लॅटिनम तोच अडवून धरतो. एकाच अणूवर उभा असलेला सीओ साधारण २०७० प्रति सेंमीला दिसतो. ५३२ नॅनोमीटर म्हणजे १८,७९७ प्रति सेंमी. बेरीज २०,८६७, म्हणजे ४७९ नॅनोमीटरचा निळा किरण. वहीत एकदा मांडून बघा, विषय मनात बसतो. दोन अणूंमध्ये पूल करून बसलेला सीओ १८५०च्या आसपास दिसतो, म्हणजे रेणू कोण यासोबत तो बसलाय कसा हेही कळलं. व्होल्टेज वाढवलं की उभ्या सीओचं शिखर दर व्होल्टमागे सुमारे ३० प्रति सेंमीने वर सरकतं.

बर्कलीत शेन यांच्या गटाने १९८७ मध्ये पृष्ठभागावरच्या रेणूंची कंपनं या रीतीने नोंदवली. गुयो-सिओने आणि ताज्जेदीन यांनी १९९०च्या सुमारास ती इलेक्ट्रोडवर आणली. एवढं कळतं तर सगळे एसएफजीच का करत नाहीत? पाणी अवरक्त पिऊन टाकतं. म्हणून कॅल्शियम फ्लोराइडची खिडकी इलेक्ट्रोडवर दाबून द्रावणाचा थर काही मायक्रोमीटरवर आणावा लागतो. मग आयनांना यायला-जायला जागा उरत नाही, प्रवाहाला रोध वाढतो, आणि झपाट्याने होणारी अभिक्रिया नीट मोजता येत नाही. शिवाय दोन्ही किरण एकाच ठिपक्यावर, एकाच क्षणी पडायला हवेत. एसएचजीला एकच लेझर पुरतो आणि द्रावणाचा जाड थरही चालतो. वेग मोजायचा असेल तर मी तिच्याच बाजूने कौल देईन.

एक सावधगिरी इथे फार गरजेची आहे. एसएफजीत शिखर दिसलं नाही म्हणजे रेणूच नाही, असं समजू नका. सोन्यावर लांब साखळीचे थायॉल (गंधकाच्या टोकाने चिकटणारे रेणू) ताठ, शिस्तीत उभे राहिले की मधल्या सीएच-२ गटांचे संकेत एकमेकांना खोडतात आणि टोकाचा सीएच-३ तेवढा दिसतो. साखळ्या वाकड्या झाल्या की सीएच-२ डोकं वर काढतात. संकेताची तीव्रता साधारण रेणूंच्या संख्येच्या वर्गाने वाढते आणि धातूच्या स्वतःच्या संकेताशी मिसळून कधी शिखराऐवजी खळगाही पडतो. त्यामुळे उंची पाहून किती रेणू बसले हे थेट सांगू नये.

पेपर हातात आला की आधी आलेखाचा आडवा अक्ष बघा. तरंगसंख्या असेल तर ती एसएफजी. व्होल्टेज, वेळ किंवा स्फटिक फिरवल्याचा कोन असेल तर बहुधा एसएचजी. बहुधा म्हणायचं कारण, काही जण एसएफजीतही अवरक्त एकाच तरंगसंख्येवर रोखून व्होल्टेज फिरवतात, तेव्हा आलेखाखालची ओळ वाचावीच लागते.