ग्रामसभेत आपला विषय कसा मांडावा? पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि पाठपुरावा

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात अर्धा तास भरणारी आणि बहुधा बाचाबाचीत संपणारी बैठक, एवढीच अनेकांच्या मनात ग्रामसभेची ओळख असते. कायद्याने मात्र तिला फार मोठे स्थान दिले आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (पूर्वीचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम) आणि ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी, २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती यांनुसार ग्रामपंचायतीचा जमाखर्च, विकास आराखडा आणि वैयक्तिक लाभाच्या योजनांतील लाभार्थ्यांची निवड हे विषय ग्रामसभेपुढे यावेच लागतात. तिथे आपला विषय मांडण्यासाठी निवडून येण्याची गरज नाही, पक्षाची गरज नाही आणि भाषण करता येण्याचीही गरज नाही. गरज आहे ती कागदाची. सभेत तावातावाने बोललेले बोलणे दुसऱ्या दिवशी कोणी सिद्ध करू शकत नाही; लेखी दिलेला आणि पोच घेतलेला एका पानाचा अर्ज मात्र दप्तरात राहतो. म्हणून पुढील माहिती सभेच्या आधी काय करावे आणि सभेनंतर काय करावे, यावर अधिक भर देऊन लिहिली आहे.

पात्रता: मतदार यादीतील नाव

ग्रामपंचायत हद्दीतील मतदार यादीत ज्यांचे नाव आहे, ते सर्व ग्रामसभेचे सदस्य असतात. त्यासाठी वेगळी नोंदणी, शुल्क किंवा ओळखपत्र नाही. गावात घर असणे, घरपट्टी भरणे किंवा सातबाऱ्यावर नाव असणे यामुळे सदस्यत्व मिळत नाही, ही गोष्ट विशेषतः कोकणातील आणि घाटमाथ्यावरील चाकरमान्यांनी लक्षात ठेवावी. मुंबई-पुण्यात मतदार म्हणून नोंदलेली व्यक्ती गणपतीला गावी आली असताना सभेत बसली, तर तिला कोणी उठवणार नाही कदाचित. पण ठराव मांडण्याचा आणि मत देण्याचा हक्क तिला नसतो. नाव एका वेळी एकाच ठिकाणच्या यादीत ठेवता येते, त्यामुळे गावाच्या कारभारात भाग घ्यायचा की शहराच्या, हे ज्याचे त्याने आधी ठरवावे.

ग्रामपंचायतीसाठी स्वतंत्र मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागून वापरली जाते. नाव नव्याने नोंदवायचे असल्यास नमुना ६ आणि पत्ता बदलायचा किंवा दुरुस्ती करायची असल्यास नमुना ८ भरावा लागतो. हे दोन्ही अर्ज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतात किंवा आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे गावात ज्यांना सगळे ‘बीएलओ’ म्हणतात त्यांच्याकडे, देता येतात. सोबत छायाचित्र, वयाचा पुरावा (जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन यांपैकी एक) आणि रहिवासाचा पुरावा (आधार, बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, वीज किंवा पाणी देयक यांपैकी एक) लागतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता दिनांक, म्हणजे वयाची १८ वर्षे ज्या तारखेला पूर्ण असावी लागतात ती तारीख, असे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. त्यामुळे वयाची १८ वर्षे ऑगस्टमध्ये पूर्ण करणाऱ्या मुलीला आता पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागत नाही.

सभा केव्हा होते आणि कोण बोलावते

प्रत्येक आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. प्रथेप्रमाणे त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवसांच्या आसपास होतात. सभा बोलावण्याची जबाबदारी सरपंचांची आणि त्यांच्या अनुपस्थितीत उपसरपंचांची असते. पुरेशा कारणाशिवाय ठरलेली सभा न बोलावल्यास त्यांचे पद जाऊ शकते आणि कारण पुरेसे होते की नाही, हे जिल्हाधिकारी ठरवतात. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा चावडीवर लावली जाते आणि दवंडी देऊनही कळवली जाते. अलीकडे गावच्या व्हॉट्सॲप गटावरही ती येते. अशा गटावरील संदेश पाहिला तरी फलकावरची नोटीस प्रत्यक्ष जाऊन वाचावी आणि तिचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे, कारण नोटीस वेळेत लागली होती की नाही, हा वाद पुढे निघालाच तर तेच छायाचित्र कामाला येते.

प्रत्येक सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणेही आवश्यक आहे. कित्येक ठिकाणी ही सभा केवळ वहीत होते, हे कटू असले तरी नाकारण्यासारखे नाही. बचत गटातील महिलांनी आदल्या आठवड्यातच महिला सभेची तारीख आणि वेळ लेखी विचारली, तर सभा कागदावर उरकणे अवघड होते. पाणी, शौचालय, अंगणवाडी, रस्त्यावरचे दिवे हे विषय महिला सभेत ठरवून मुख्य सभेपुढे आणणे हा चांगला मार्ग आहे; भर सभेत एकट्याने उभे राहून बोलण्याचा संकोच त्यामुळे उरत नाही.

अर्ज कसा लिहावा

ग्रामसभेत विषय मांडण्यासाठी छापील अर्ज शोधत बसू नये. साध्या कागदावर, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे अर्ज लिहावा. पूर्वी ज्यांना ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हटले जाई, त्यांचे पदनाम २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे एकच करण्यात आले आहे, बोलण्यात मात्र ‘भाऊसाहेब’ हेच चालू आहे. अर्जात आपले पूर्ण नाव, प्रभाग क्रमांक, मतदार यादीतील अनुक्रमांक आणि पत्ता द्यावा. त्यानंतर एकच विषय, शक्यतो थेट ठरावाच्या भाषेत लिहावा. उदाहरणार्थ, “येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पुढील विषय समाविष्ट करण्यात यावा: प्रभाग क्रमांक २ मधील मारुती मंदिर ते स्मशानभूमी या रस्त्यालगत बंदिस्त गटार बांधण्याचे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात घेणे.” याच जागी “आमच्या गल्लीकडे कोणी लक्ष देत नाही” असे लिहिले, तर ती तक्रार होते, तिच्यावर ठराव होऊ शकत नाही.

अर्जासोबत जोडायचे कागद विषयावर अवलंबून असतात. कामाच्या मागणीला जागेची छायाचित्रे आणि त्या वस्तीतील मतदारांच्या सह्या पुरतात. जागेचा प्रश्न असेल तर सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा, जोडावा. याच विषयावर पूर्वी अर्ज दिला असल्यास त्याच्या पोचेची झेरॉक्स लावावी. घरकुलासारख्या वैयक्तिक लाभासाठी त्या त्या योजनेची कागदपत्रे वेगळी असतात. ग्रामसभेतील अर्ज त्यांची जागा घेत नाही.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यावी. नोटीस निघण्याची वाट न पाहता सभेच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज दिलेला बरा, कारण विषयपत्रिका एकदा छापली गेली की आपला विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या शेवटच्या रांगेत जातो आणि त्या रांगेपर्यंत पोहोचेतो निम्मे लोक उठून गेलेले असतात. कार्यालयात पोच मिळत नसेल, तर भांडत न बसता अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा. आमच्या ओळखीच्या एका गावात तीन वर्षे तोंडी मागणी होत असलेले पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचे काम अशा एका टपालाच्या पावतीनंतर विषयपत्रिकेवर आले. काम लगेच झाले असे नाही, पण निदान ते वहीत चढले.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारणपणे २ ऑक्टोबरपासून हिवाळ्यापर्यंत तयार होतो. नव्या कामाची मागणी १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत आली, तर ती आराखड्यात बसण्याची शक्यता असते. तीच मागणी १ मे रोजी केली, तर ‘निधी नाही’ हे उत्तर खोटे नसते. जमाखर्चाचे प्रश्न मात्र आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेतच विचारावेत, कारण मागील वर्षाचे हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणातील शेरे त्या वेळी सभेपुढे ठेवायचे असतात.

सभेच्या दिवशी

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सदस्य हजर असावे लागतात. ५०० मतदारांच्या गावात ७५ जण लागतात. २,००० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३०० होतात, पण १०० पुरतात. तेवढे लोक नसतील तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. ज्यांना ठराव मूठभरांतच उरकायचे असतात, त्यांच्यासाठी ही तरतूद सोयीची ठरते. तेव्हा आपल्याला ज्या विषयाची आच आहे, त्यासाठी पहिल्याच सभेला माणसे आणावीत. उपस्थितीच्या वहीवर सही सभेच्या ठिकाणी आणि सभेच्या दिवशीच करावी. घरी आणलेल्या कोऱ्या पानावर ‘भाऊ, एक सही द्या’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, मग तो कितीही जवळचा असो.

पहिला विषय बहुतेक वेळा मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. तो घाईने पुढे ढकलला जात असेल तर थांबवून वाचायला सांगावे. आपल्या विषयाची वेळ आली की अर्जातील वाक्य जसेच्या तसे वाचावे आणि सूचक म्हणून आपले व अनुमोदक म्हणून दुसऱ्या सदस्याचे नाव लिहून घेण्यास सांगावे. ठराव मंजूर झाला की त्याचा क्रमांक तिथेच विचारून टिपून ठेवावा.

हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्याने मोघम ‘पैसे कुठे गेले’ असे न विचारता वहीचे नाव घ्यावे. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ३ म्हणजे जमाखर्चाचे विवरण, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ९ म्हणजे कराची मागणी नोंदवही. स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो; तो कोणत्या तारखेला आणि कशावर झाला, हा प्रश्न टाळता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कोणालाही पाहता येतो. सभेला जाण्यापूर्वी तो मोबाईलवर एकदा पाहून घेतला, तर प्रश्नाला धार येते आणि उत्तर देणाऱ्यालाही तयारी करावी लागते.

सभेतच निरनिराळ्या समित्या निवडल्या जातात. गाव तंटामुक्त समिती, तसेच ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांत नाव सुचवून घेणे हा कारभारात नियमित भाग घेण्याचा सोपा मार्ग आहे. शाळा व्यवस्थापन समितीत मात्र पालकांनाच प्राधान्य आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तिचे ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात.

अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी, म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, पालघर यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी भागासाठी, १९९६ चा पेसा कायदा (पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा) आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. तेथे पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि अध्यक्ष सभेतूनच निवडला जातो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ हे म्हणणे जंगलावरील सामूहिक हक्कापर्यंत नेले, ते ग्रामसभेच्याच बळावर.

सभेनंतरचा पाठपुरावा

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही. त्यानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निधी असे टप्पे येतात. गायरान किंवा दुसऱ्या शासकीय जागेवर काम असल्यास महसूल खात्याची परवानगीही लागते. तरीही पाठपुरावा कामापासून नव्हे, इतिवृत्तापासून सुरू करावा. आपण मांडलेला ठराव त्यात त्याच शब्दांत आला आहे का, की ‘चर्चा करण्यात आली’ एवढेच लिहिले आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रत मागूनही मिळत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. ग्रामपंचायत अधिकारी हेच तेथील जनमाहिती अधिकारी असतात. अर्जावर १० रुपयांचा न्यायालय शुल्क मुद्रांक लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने त्याऐवजी दाखल्याची प्रत जोडावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांपर्यंत मजकूर असावा. ‘अमुक दिनांकाच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची व उपस्थिती नोंदवहीची साक्षांकित प्रत’ असे नेमके मागावे. ‘काम का केले नाही’ हा प्रश्न या कायद्यात बसत नाही. प्रतींसाठी पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत २० रुपयांच्या मुद्रांकासह पंचायत समितीतील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते.

सभा झालीच नाही, किंवा न झालेली सभा वहीत दाखवली गेली, अशी तक्रार असल्यास ती गट विकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि दखल न घेतल्यास जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावे. तक्रारीसोबत नोटीस फलकाचे छायाचित्र, आपल्या अर्जाची पोच आणि मिळाली असल्यास उपस्थिती नोंदवहीची प्रत जोडावी. मृत व्यक्तीची किंवा त्या दिवशी परगावी असलेल्या माणसाची सही त्या वहीत सापडल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत, म्हणून नोंदवही हाती आल्यावर पहिल्या पानापासून एकेक नाव वाचून काढावे.