इलेक्ट्रिक गाडीचे टायर विकत घेण्यापूर्वी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या साताऱ्यातील कार्यशाळेत टायर आणि सस्पेन्शनच्या कामासाठी येणाऱ्या दमदार इलेक्ट्रिक गाड्यांची संख्या वाढत आहे. त्यांच्या मालकांचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो: "माझ्या गाडीच्या मापाचेच टायर मी आणले आहेत, मग ते बसवून देण्यास आपण नकार का देता?" घाईच्या वेळी काउंटरवर उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

टायरच्या कडेवरील २३५/४५ आर१९ या आकड्यांचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो आणि खरेदी करताना आपण तेवढेच ताडून पाहता. त्यांच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ९५ व्ही किंवा ९९ वाय. आमच्याकडे येणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ आणि पैसा वाया जातो तो याच आकड्याकडे लक्ष न दिल्यामुळे. त्याला लोड इंडेक्स (भारक्षमतेचा क्रमांक) म्हणतात; पुढचे अक्षर टायरची वेगमर्यादा दाखवते. ९५ लिहिलेला टायर जास्तीत जास्त ६९० किलो भार पेलतो, ९९ लिहिलेला ७७५ किलो. रुंदी, उंची आणि रिम अगदी एकसारखे असूनही या दोन टायरांच्या क्षमतेत ८५ किलोंचा फरक आहे, आणि केवळ माप सांगून मागणी नोंदवली तर यांपैकी कोणताही टायर घरी येऊ शकतो.

यावर ग्राहक जो हिशेब मांडतात तो वरवर बरोबर दिसतो: ६९० गुणिले चार म्हणजे २,७६० किलो, आणि प्रवासी व सामान धरून गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन, समजा, २,६०० किलो; मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की वजन चारही चाकांवर सारखे विभागलेले नसते. मागे मोटर असलेल्या गाडीत मागील सीटवर तीन माणसे बसली, डिकी भरली, की मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या जोडीवर, १,४०० किलोपर्यंत भार येऊ शकतो, तर ९५ लोड इंडेक्सच्या दोन टायरांची एकत्रित क्षमता १,३८० किलोच आहे. म्हणजे घरून निघतानाच टायर आपल्या मर्यादेबाहेर असतो. ९९ लोड इंडेक्सच्या दोन टायरांची क्षमता मात्र १,५५० किलो भरते. म्हणूनच आम्ही एकूण वजनावर समाधान न मानता प्रत्येक ॲक्सलचा स्वतंत्र हिशेब करतो.

मर्यादेबाहेर भार आलेला टायर त्याच दिवशी फुटेलच असे नाही, आणि त्यामुळेच ही चूक लवकर लक्षात येत नाही. अशा टायरची कड प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा जास्त वाकते, त्या वाकण्याने तो आतून तापतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुणे-बेंगळुरू महामार्गावर सलग वेगाने गाडी चालवल्यावर ही उष्णता टायरच्या आतील थरांना एकमेकांपासून सोडवू लागते. पेट्रोल गाडीत हीच चूक काही काळ खपून जाते, कारण तिचे वजन कमी असते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचे काही शे किलो वजन कायमचेच असते, मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर तीच मोटर चाकाला मागे ओढून वीज परत मिळवते. रबरावर दोन्ही बाजूंनी ताण येतो. म्हणूनच मूळ टायरपेक्षा कमी लोड इंडेक्सचा किंवा कमी वेगमर्यादेचा टायर आम्ही बसवत नाही, तो ग्राहकाने कोठूनही आणलेला असो. हा नियम आमच्याकडून टायर घ्यावेत म्हणून केला आहे अशी शंका काही जणांनी बोलून दाखवली आहे. योग्य लोड इंडेक्सचे, आयएसआय चिन्ह असलेले आणि अलीकडच्या उत्पादनाचे टायर आपण बाहेरून आणले, तर ते केवळ बसवणावळ घेऊन आम्ही आनंदाने बसवून देतो. उत्पादनाचा काळ कडेवरील उत्पादन-क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळतो. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा.

एक्स-एल (म्हणजे जादा भार पेलणारा) लिहिलेल्या टायरबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. त्याची वाढीव क्षमता वाढीव हवेवरच अवलंबून असते: साध्या टायरची पूर्ण क्षमता ३६ पीएसआयला मोजली जाते, एक्स-एलची ४२ ला. हवा भरणारा मुलगा सवयीने ३२ वर थांबला, तर महाग टायर घेऊनही त्याची ताकद आपल्याला मिळत नाही. दाराच्या खांबावरील स्टिकरवर लिहिलेला दाब पाहावा आणि तो सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावा.

आता सस्पेन्शनविषयी. बहुतेक जण आधी टायर बदलतात आणि महिन्याभराने स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बरचे काम घेऊन येतात. आमचा आग्रह उलट क्रमाचा आहे. स्प्रिंगच्या कामाने गाडीची उंची थोडी जरी बदलली तरी चाकांचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून पाहता चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही बदलतात, आणि त्यातही टो बिघडलेला राहिला तर नव्या टायरची आतली कड काही हजार किलोमीटरांत घासून निघते, जे बाहेरून पाहणाऱ्याला दिसतही नाही.

गाडी खाली बसवण्याची, म्हणजे तिची उंची कमी करण्याची, मागणी करणाऱ्या तरुण ग्राहकांना आम्ही सहसा परावृत्त करतो. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी मुळातच फरशीखाली असल्याने तिचा गुरुत्वमध्य खाली असतो. आणखी खाली नेऊन वळणावर मिळणारा फायदा थोडा, आणि आपल्या भागातील गतिरोधकावर बॅटरीचे कवच आपटण्याचा धोका मोठा. बॅटरीच्या दुरुस्तीपुढे स्प्रिंगचा खर्च किरकोळ आहे. त्याऐवजी उंची तीच ठेवून चांगले शॉकॲब्सॉर्बर, आणि गरज असेल तरच त्यांना जुळणाऱ्या किंचित कडक स्प्रिंग, हा आमचा सल्ला असतो. यवतेश्वरच्या घाटात किंवा पसरणी घाटात वळणामागून वळण येते तेव्हा जड गाडी एका बाजूला झुकून सावरायच्या आत दुसरे वळण सुरू होते. तेथे उपयोगी पडतो तो शॉकॲब्सॉर्बरचा ताबा. केवळ स्प्रिंग कडक करून जुने शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवले, तर गाडी खड्ड्यानंतर अधिक उसळते.

हे काम आम्ही दोन तासांत का उरकत नाही, असेही विचारले जाते. आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यांतील रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पूर्ण आवळले, तर गाडी खाली ठेवताच ते बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळणे, मग रस्त्यावर फेरी, त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) आणि स्टिअरिंगच्या सेन्सरचे शून्यीकरण, असा आमचा क्रम आहे. लिफ्टचे आधार केवळ कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच लावले जातात, कारण जॅक बॅटरीखाली लागला तर नुकसान भरून येत नाही. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासावे लागते. आमच्याकडे काम केलेल्या गाडीसाठी ही दुसरी तपासणी विनामूल्य आहे. कृपया ती चुकवू नये. गाडीला समोरचा कॅमेरा किंवा रडार असेल आणि उंची बदलली असेल, तर त्याचे कॅलिब्रेशन (नव्या उंचीनुसार जुळणी) कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावे.

टायरची रुंदी वाढवल्याने कोरड्या रस्त्यावरील पकड सुधारते, परंतु एका चार्जमधील अंतर कमी होते आणि साचलेल्या पाण्यावर टायर तरंगण्याची शक्यता वाढते. जून ते सप्टेंबरमध्ये कास किंवा महाबळेश्वरकडे नियमित जाणाऱ्यांनी मूळ रुंदीच ठेवून ओल्या रस्त्यावर चांगला चालणारा टायर निवडावा. कायद्याने खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर असली, तरी पावसाळ्यापूर्वी ती ३ मिलिमीटरपर्यंत आली असेल तर टायर बदलावा, असे आमचे मत आहे. दोन मोटरच्या गाडीत चारही टायर एकाच जातीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांना स्टेपनी नसते, हे ध्यानात घेऊन मोठ्या रिमवर फार पातळ कडेचा टायर चढवण्याचा मोह टाळावा. खड्ड्यात रिम वाकली आणि कड फाटली, तर पंक्चर किटचा काही उपयोग होत नाही.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मर्यादा आहेत, आणि वॉरंटी व विमा यांवरही बदलांचा परिणाम होऊ शकतो. म्हणून काम ठरवण्यापूर्वी गाडीची कंपनी आणि विमा कंपनी या दोघांनाही विचारून घ्यावे. काढलेले मूळ भाग आम्ही खुणा करून ग्राहकाला परत देतो. ते टाकून देऊ नयेत.

चौकशीला येताना दाराच्या खांबावरील स्टिकरचा, सध्याच्या टायरच्या कडेवरील पूर्ण मजकुराचा आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेतील ॲक्सल भाराच्या पानाचा फोटो आणावा. त्यावरून प्रत्येक ॲक्सलचा हिशेब करून योग्य टायरांचे दोन-तीन पर्याय आम्ही लेखी देतो, त्याचे शुल्क घेत नाही, आणि तो कागद घेऊन आपण टायर कोठूनही खरेदी करू शकता. सस्पेन्शनच्या कामासाठी गाडी सकाळी लवकर, बॅटरी निम्मी तरी भरलेली ठेवून आणि डिकी रिकामी करून आणावी.