छातीची गोळी आणि आतड्यातील व्रण

चढ चढताना छातीत दाटून येते, कळ डाव्या हातात उतरते आणि जरा थांबले की ओसरते, अशा अँजायनाच्या रुग्णाला इतर औषधांच्या जोडीला पुष्कळदा निकोरँडिल नावाची गोळी दिली जाते. १९८४ मध्ये जपानमध्ये बाजारात आलेल्या या औषधाच्या रेणूचे दोन भाग आहेत : एक निकोटिनामाइडचा, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा, आणि दुसरा नायट्रेटचा. नायट्रेटमुळे शिरा सैलावतात. शिवाय हा रेणू धमन्यांच्या स्नायुपेशींतील पोटॅशियमची दारे उघडतो, त्यामुळे धमन्याही रुंदावतात आणि हृदयावरचा भार हलका होतो.

ब्रिटनमधील ५,१२६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा छातीत दुखल्यामुळे अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, यांपैकी काही ना काही घडलेल्यांचे प्रमाण या गोळीमुळे १५.५ टक्क्यांवरून १३.१ टक्क्यांवर आले होते. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, हीच गोळी घेणाऱ्यांच्या गुदद्वाराशी झालेल्या व्रणांची नोंदही छापून आली. तोंडातील व्रणांकडे फ्रान्समधील डॉक्टरांनी १९९७ मध्येच लक्ष वेधले होते.

हे व्रण साधे नसतात. कडा ठसठशीत, तळ खोल, आणि वेदना इतकी की तोंडात असेल तर घास गिळवत नाही आणि गुदद्वाराशी असेल तर बसवत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात ते कुठेही होऊ शकतात, त्वचेवर आणि डोळ्यांतही होतात. आतड्यातील व्रण चिघळला तर रक्तस्राव होतो, आतड्याला भोक पडते किंवा शेजारच्या अवयवाशी जोडणारी भगंदरासारखी वाट तयार होते. मोठ्या आतड्याच्या भिंतीला पिशव्या असलेल्यांना हा धोका अधिक असतो. अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामके किंवा स्टेरॉइड सोबत चालू असतील तर तो आणखी वाढतो, आणि हृदयरुग्णांपैकी बहुतेकांना अ‍ॅस्पिरिन चालूच असते.

माझ्या मते खरी अडचण निदानाची आहे. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, तर कधी काही वर्षांनी व्रण उमटतो. तोवर ती गोळी रोजच्या डब्यातली एक होऊन गेलेली असते, आणि तिचा या दुखण्याशी संबंध असेल हे रुग्णाच्या मनातही येत नाही. तोंड आले म्हणून तो औषधांच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणतो, ज्यात बहुधा निकोटिनामाइडच असते! खालचा व्रण मूळव्याध किंवा फिशर समजून तो मलम लावत राहतो. दुर्बिणीने आतडे तपासले तर क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह), कर्करोग किंवा क्षय यांची शंका येते. आपल्याकडे आतड्याच्या व्रणात क्षय आधी आठवणे रास्तच आहे. मात्र बायोप्सीत त्यांपैकी कशाचीच खूण न सापडता नुसता दाह दिसतो, तेव्हा छातीच्या औषधांची चिठ्ठी मागवून पाहावी लागते. ती चिठ्ठी बहुधा दुसऱ्याच डॉक्टरांची असते.

या व्रणांवर मलमांचा किंवा स्टेरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. गोळी चालू ठेवून शस्त्रक्रिया केली, तर जखम भरत नाही किंवा व्रण पुन्हा होतो. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०१६ मध्ये डॉक्टरांना कळवले की, इतर औषधे चालत नसतील किंवा पुरी पडत नसतील तरच निकोरँडिल द्यावे आणि व्रण दिसताच ते थांबवावे. हे थांबवणे हृदयरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे, कारण अँजायना पुन्हा डोके वर काढू शकतो आणि त्यासाठी दुसरी औषधयोजना करावी लागते. गोळी बंद झाल्यावर तोंडातील व्रण साधारण काही आठवड्यांत भरून येतो. गुदद्वाराशी असलेल्या खोल व्रणाला मात्र कित्येक महिने लागू शकतात.