‘शंका नाही’ म्हणणारा वर्ग

दहावीच्या वर्गात त्रिकोणमितीचे उदाहरण संपवून शिक्षक विचारतात, ‘‘समजलं का रे पोट्टेहो?’’ आणि सगळ्या बाकांवरून एका सुरात उत्तर येते, ‘‘हो सर!’’ यवतमाळपासून गोंदियापर्यंतच्या गावशाळांत रोज ऐकू येणाऱ्या या होकाराचा अर्थ मुलांना समजले असा लावला जातो. मानसशास्त्राचा अनुभव मात्र वेगळा आहे.

मानसशास्त्रज्ञ डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्दाम दुर्बोध केलेला लेख वाचायला दिला आणि फारच अडले तर येऊन विचारा, असे सांगितले. कोणीही उठले नाही. प्रत्येकाला ठाऊक होते की आपण संकोचामुळे गप्प आहोत. इतर गप्प आहेत ते मात्र त्यांना समजले म्हणून, असे प्रत्येकाने गृहीत धरले. स्वतःचे मन आपल्याला आतून दिसते, दुसऱ्याचे फक्त वागणे दिसते, त्यामुळे एकाच कृतीची दोन कारणे आपण लावतो. चाळीस जणांच्या वर्गात अडलेल्या मुलाभोवती एकोणचाळीस गप्प चेहरे असतात. त्यातला प्रत्येक चेहरा ‘तूच एकटा ढ’ अशी साक्ष देतो, आणि तो मुलगाही गप्प राहून उरलेल्यांसाठी तशीच साक्ष देत असतो. गावात तर वर्गातली फजिती मुलाच्या आधी घरी पोहोचते. अशा वेळी परीक्षेपूर्वी दंडाला बांधलेला ताईत किंवा मेंदू ‘जागा’ करून बुद्धी वाढवण्याचा दावा करणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे महागडे शिबिर काही करू शकत नाही, कारण बिघाड त्या एका मुलाच्या मेंदूत नसतोच.

मदत मागणे शिकवता येते. मानसशास्त्रज्ञ शॅरन नेल्सन-ल गॉल यांनी मदतीचे दोन प्रकार वेगळे केले: आयते उत्तर मिळवणे, आणि पुढची पायरी स्वतः चढता येईल इतकाच आधार घेणे. गाईडमधून उतरवणे पहिल्यात मोडते. दुसऱ्यासाठी नेमके कुठे अडले ते सांगता यावे लागते. ‘काहीच समजून नाही रायलं’ याला शिक्षकाकडे उत्तर नसते. ‘झाडाची उंची काढताना साइन न घेता टॅन का घेतला?’ याला असते, कारण झाडाच्या बुंध्यापासूनचे अंतर दिलेले आहे, कर्ण दिलेला नाही. अडले ते ठिकाण शोधणे, वाक्य जुळवणे, कोणाला विचारायचे ते ठरवणे, हा सराव वर्गातच व्हायला हवा.

शिक्षकांनीही थांबायला हवे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात, असे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना आढळले होते. त्याहून सोपा उपाय म्हणजे तासाच्या शेवटी प्रत्येकाने निनावी चिठ्ठीवर अडलेली एक ओळ लिहायची आणि शिक्षकांनी त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. आपलाच प्रश्न सात-आठ चिठ्ठ्यांतून ऐकू आला की एकोणचाळीस जणांची ती साक्ष खोटी ठरते.

घरातले कर्ज, बुडालेला कापूस, उडालेली झोप याबद्दल बोलतानाही हेच कौशल्य लागते. त्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा.