मँडरिन येतं, पण अर्ज परत येतो: बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मुलांसाठी कागदपत्रांची माहिती

चीन किंवा तैवानच्या शिष्यवृत्तीसाठी सीमाभागातून जाणारे अर्ज भाषेपेक्षा कागदांवरच जास्त अडतात. पात्रता तशी सरळ आहे. चिनी सरकारी शिष्यवृत्तीला पदवीसाठी वय 25 च्या आत, मास्टर्ससाठी 35 च्या आत आणि पीएचडीसाठी 40 च्या आत लागतं. तैवानच्या हुआयू शिष्यवृत्तीला, म्हणजे नुसती भाषा शिकायला, 18 वर्षं पूर्ण आणि बारावी पास. चिनीतून शिकवला जाणारा पदवी अभ्यासक्रम हवा असेल तर बहुतेक विद्यापीठं एचएसकेची, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेची, किमान चौथी पातळी मागतात. तो निकाल परीक्षेच्या तारखेपासून दोनच वर्षं चालतो. घाईनं आधी देऊन ठेवलेली परीक्षा अर्जाच्या वेळी बाद ठरते, हे लक्षात ठेवा.

पहिली अडचण नावाची. कर्नाटकच्या एसएसएलसी (दहावी) मार्क्सकार्डावर आडनावाऐवजी नुसती इनिशियल्स असतात, कोल्हापूरच्या पदवीवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो आणि पासपोर्टवर तिसराच प्रकार. त्यात कन्नड वळणानं ‘सविता’, ‘ज्योती’ यांच्या स्पेलिंगमध्ये टीच्या पुढे एच शिरतो. चिनी विद्यापीठ फक्त पासपोर्ट बघतं. म्हणून आधी पासपोर्ट नीट करा, मग एचएसकेला त्याच स्पेलिंगनं नाव नोंदवा. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीचं अफिडेव्हिट सगळीकडे चालेलच असं नाही; तो शेवटचा उपाय. जन्मदाखल्यावर बेलगाम आणि पासपोर्टवर बेलगावी असेल तर मात्र काळजी नको. ते 1 नोव्हेंबर 2014 चं सरकारी नामांतर आहे.

दुसरी अडचण खास आपल्या भागाची, आणि इथंच महिने वाया जातात. पदवी खरी असल्याचा राज्य सरकारचा शिक्का तुम्ही राहता त्या राज्याचा लागत नाही, ती पदवी जिथून मिळाली त्या राज्याचा लागतो. राणी चन्नम्मा, धारवाड किंवा व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) यांची पदवी असेल तर कर्नाटक सरकारकडून, शिवाजी विद्यापीठाची असेल तर महाराष्ट्र सरकारकडून, गोव्याची असेल तर गोव्याकडून. दहावी बेळगावात आणि पदवी कोल्हापुरात झालेल्यांना दोन राज्यांत दोन फायली फिरवाव्या लागतात. घर कुठल्या राज्यात आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, हे खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालय अर्जदाराकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं.

एजंट इथं सर्रास ‘अपोस्टिल करून देतो’ म्हणतात, म्हणजे करारातल्या देशांत वकिलातीशिवाय चालणारा एकच शिक्का. नको. चीन 2023 मध्ये अपोस्टिल करारात आला खरा, पण भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. तैवान तर त्या करारातच नाही. त्यामुळे मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन आणि त्यावर चिनी वकिलातीचं किंवा तैपेई केंद्राचं, म्हणजे तैवानच्या भारतातल्या कार्यालयाचं, प्रमाणीकरण, असाच क्रम आहे. अर्जाच्या वेळी बरीच विद्यापीठं नोटरी केलेल्या प्रतीवर भागवतात, पण प्रवेश मिळाल्यावर हे सगळं सुरू केलं तर वेळ पुरत नाही.

तिसरी गोष्ट वैद्यकीय फॉर्म. फोटोवर अर्धा येईल असा इस्पितळाचा शिक्का, डॉक्टरांची सही, एकही रकाना रिकामा नाही. यातलं एक चुकलं की फॉर्म अवैध. छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि रक्ततपासणीचे रिपोर्ट सोबत जोडायचे. फॉर्म सहा महिनेच चालतो, तेव्हा दिवाळीत करून ठेवू नका.

मास्टर्स आणि पीएचडीला दोन शिफारसपत्रं लागतात, तीही प्रोफेसर किंवा असोसिएट प्रोफेसरांची. आपल्याकडच्या कॉलेजांत वर्गावर बरेचदा गेस्ट लेक्चरर असतात. त्यांनी कितीही मनापासून लिहिलं तरी ते मोजलं जात नाही. विद्यापीठाच्या विभागातल्या सरांना आधीच भेटा. अभ्यासाचा आराखडा चिनी किंवा इंग्रजीत.

मुदत. हुआयूचे अर्ज साधारणपणे 1 फेब्रुवारी ते 31 मार्च घेतले जातात, पण तैवानमधल्या भाषाकेंद्राकडे वेगळा अर्ज तुम्हीच करायचा आणि त्याचा पुरावा जोडायचा. हे न वाचता नुसता शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारे खूप आहेत. चिनी विद्यापीठांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. ‘मध्यरात्रीपर्यंत’ म्हणजे बीजिंगची मध्यरात्र, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. ऑनलाइन फॉर्म त्या दिवशी दुपारीच पाठवून मोकळे व्हा.

चीनचा व्हिसा कर्नाटकातल्यांनाही मुंबईहूनच मिळतो, बेंगळुरूला जाऊ नका. 180 दिवसांपेक्षा जास्त शिक्षण असेल तर एक्स-1 प्रकारचा विद्यार्थी व्हिसा. त्याला विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि शिष्यवृत्तीवाल्यांना जेडब्ल्यू 201, स्वखर्चानं जाणाऱ्यांना जेडब्ल्यू 202 फॉर्म लागतो. तिथं उतरल्यावर 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, म्हणून सगळ्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका.